कूलरच्या टाकीत सीतेची आसवं

वेळेवर आणि योग्य मात्रेत खत दिलं तर फुलणार नाही, असं झाड परमेश्वराने या पृथ्वीवर निर्माण केलेलं नाही.

हे वाक्य चंद्रभान गावंडे यांचं. कृषी खात्यात चौतीस वर्षं काढून ते तालुक्याचे अधिकारी म्हणून निवृत्त झाले आणि तेवढ्या काळात अकोला-अमरावतीकडच्या बहुतेक गावांच्या पारावर त्यांनी हे वाक्य उच्चारलं. वाक्याला तडा गेला तो निवृत्तीनंतर सहाव्या वर्षी, अकोल्यात, घरच्याच अंगणात, आणि तोही हाताच्या बोटाएवढ्या झाडामुळे. त्याला झाड म्हणणंही जरा जास्तच होईल. देवमनच्या मते ते गवत होतं. पण देवमन पुढे येईल.

गावंडे साहेब राहतात त्या कॉलनीत एक बागप्रेमी मंडळ आहे. भाद्रपदात महालक्ष्म्या उठल्या की पुढच्या रविवारी मारुतीच्या देवळाच्या सभागृहात मंडळाचं फुलांचं प्रदर्शन भरतं. प्रत्येक कुंडीसमोर एक कार्ड लावायचं. कार्डावर चार रकाने : लावणाऱ्याचं नाव, खत, पाणी, निगा. हा नमुना साहेबांनीच तयार केला होता आणि तो सरकारी नमुन्यासारखा दिसतो म्हणून कुणी त्याला हात लावायला धजत नसे. ज्याच्या कार्डाला पहिला नंबर, तो वर्षभर मंडळाचा अध्यक्ष, अशी रीत. गेली पाच वर्षं पहिला नंबर साहेबांच्या जास्वंदीला होता. फूल बशीएवढं. खताचा रकाना मात्र त्यांना कार्डाच्या पाठीमागे चालू ठेवावा लागे.

अध्यक्षाला काम काय? मांडव सांगायचा, चहा सांगायचा आणि पाहुण्यांना नारळ द्यायचा. पण निवृत्त अधिकाऱ्याला जगात दुसरं कोण काय विचारतं? सकाळी फिरायला निघालं की चार माणसं थांबून म्हणत, “अध्यक्षसाहेब, आमच्या कढीपत्त्याले काय झालं पाहा बरं.” तेवढ्यावर साहेबांचा दिवस जायचा. हे अध्यक्षपद गेलं असतं तर सकाळचं फिरणं हे नुसतं फिरणं झालं असतं, आणि नुसतं फिरायला त्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, म्हणून ते आवडत नसे.

आषाढातल्या बैठकीत नागसेन तायडे सरांनी हात वर केला. सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, बोलणं हळू, पण ऐकणाऱ्याच्या घशात अडकणारं.

“दरवर्षी तेच गुलाब, तीच जास्वंद. यंदा आपल्या मातीतली काही रानफुलं ठेवू. ही पाहा.” त्यांनी मोबाइल फिरवला. ओल्या कातळावर निळी-जांभळी, नखाएवढी फुलं उभी होती. “सीतेची आसवं. चिखलदऱ्याकडे पाणथळ जागी दिसतात. घरी लावायला मात्र कठीण. कुणाच्याच्यानं होत नाही.”

शेवटचं वाक्य सर सहज बोलले. पण साहेबांनी ते स्वतःला लावून घेतलं. तसा त्यांचा स्वभाव होता. आभाळ आलं तरी ते त्यांना उद्देशून येई.

“कुणाच्याच्यानं म्हणजे?” ते म्हणाले. “मी लावतो. महालक्ष्म्यांच्या प्रदर्शनात फुललेलं आणून ठेवतो. नाही फुललं तर जास्वंद मांडत नाही. अध्यक्षपद सोडून देतो.”

मंडळाचा सचिव किशोर कार्यवृत्त लिहीत होता. त्याने पेन थांबवलं. “साहेब, हे लिहू का?”

“लिहा ना बाप्पा. मी काय हवेत बोलून राहिलो?”

किशोरने लिहिलं. खाली सह्या झाल्या.

जंगलातून काही उपटायचं नाही, गुन्हा आहे, असं तायडे सरांनी जाताना बजावलं. साहेबांना तशी गरजच नव्हती. चिखलदऱ्याच्या पलीकडे देवमनचं स्वतःचं वावर होतं आणि देवमन त्यांचा जुना लाभार्थी होता. साहेब परतवाड्यापर्यंत एसटीने गेले, तिथून घाटाची गाडी धरली. सोबत पत्र्याचा एक डबा होता. डबा बायकोचा, वच्छलाबाईंचा, शंकरपाळ्यांचा. “रिकामा परत आना, अन् धुऊन आना,” एवढ्या अटीवर मिळालेला.

देवमनने त्यांना धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, खाली, कातळातून पाणी पाझरत होतं तिथे नेलं. चिखल म्हणावा तर माती नव्हती, माती म्हणावी तर नुसती वाळू आणि गारगोटी. त्यात हिरव्या टिकल्यांसारखी बारीक पानं.

“हेच का?” साहेबांनी विचारलं.

“हेच. पोयाच्या सनाच्या मागंपुढं फुलते. पन हे गवत आहे, साहेब. यासाठी तुमी अकोल्याहून आले?”

“वरच्या वावरात नाही दिसत?”

“वरच्या वावरात तुमी खत सांगतलं होतं ना,” देवमन म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. “तवापासून थे गेलं तिथलं. जथी तुमी पोचले नाई, तथीच रायलं हे.”

साहेबांनी ही गोष्ट ऐकली आणि तिची नोंद चुकीच्या खान्यात केली. म्हणजे वरच्या वावरातलं उत्पादन वाढलं, असा तिचा अर्थ त्यांनी घेतला. देवमनने फावड्याने एक जाडसर ढेकूळ कापून डब्यात बसवलं. परतीच्या गाडीत डबा मांडीवर होता. शेजारच्या बाईने विचारलं, “काय हाय जी? रबडी?”

“सीतेची आसवं,” साहेब म्हणाले.

बाईने उतरेपर्यंत पुन्हा काही विचारलं नाही.

घरी आल्यावर साहेबांनी पहिलं काम शास्त्रशुद्ध केलं. चिमूटभर माती तपासायला पाठवली. अहवाल आला : नत्र अत्यल्प, स्फुरद अत्यल्प, पालाश अत्यल्प. साहेबांनी अहवाल दोनदा वाचला आणि त्यांच्या डोळ्यांत, इतक्या वर्षांत कुठल्या शेतकऱ्यासाठी आलं नव्हतं ते पाणी आलं.

“उपाशी आहे बिचारं,” ते वच्छलाबाईंना म्हणाले. “पिढ्यान्‌पिढ्या उपाशी. म्हणूनच नखाएवढं फुलते. याला नीट पोसलं तर बशीएवढं फूल देईल.”

“डबा कुठी आहे माहा?” वच्छलाबाईंनी विचारलं.

आता पात्राचा प्रश्न आला. पाणी धरून ठेवणारं, उथळ, पसरट काही हवं होतं. मागच्या अंगणात कूलर उभा होता. या कूलरचीही हकिकत आहे. गावंडे साहेब कूलरवाले. ‘वऱ्हाडी माणसाला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर पुरे, एसी हा आळशी लोकांचा नाद’, हे त्यांचं दुसरं लाडकं वाक्य. पण चैत्रात त्यांची मुलगी आचल पुण्याहून आली, दोन रात्री घामाघूम झाली आणि जाताना आईच्या खोलीत एसी बसवून गेली. साहेबांनी निषेध म्हणून उन्हाळाभर दिवाणखान्यात कूलरसमोर अंथरूण घातलं. पावसाळा लागला, हवा दमट झाली आणि कूलर नुसतीच ओली हवा फेकू लागला, तेव्हा ते खोलीत झोपायला गेले. वच्छलाबाईंना एकटं वाटू नये म्हणून, असं त्यांनी आचलला फोनवर सांगितलं.

त्या कूलरची लोखंडी टाकी त्यांनी सोडवली, घासली, समोरच्या अंगणात विटांवर मांडली. ढेकळाचा मोठा भाग टाकीत बसला. उरलेला ओंजळभर चिखल डब्यातच राहिला. त्याकडे साहेबांनी लक्ष दिलं नाही. शासनाची कुठलीही योजना ओंजळीवर चालत नसते.

तायडे सर संध्याकाळी पाहायला आले.

“भाऊसाहेब, एकच सांगतो. काही देऊ नका. बोअरचं पाणी तर नकोच, आपल्याकडचं पाणी खारं. पावसाचं धरून ठेवा, तेवढं बास. आणि खत म्हणून चिमूटही नको. त्याला मुळाशी बारीक पिशव्या असतात, त्यात ते पाण्यातले किडे धरते. त्याचं पोट ते भरते.”

“किडे खाऊन?” साहेबांच्या हे मनाला लागलं. “माझ्या अंगणात?”

“त्याला तेच लागते.”

“सर, तुम्ही पुस्तकातलं सांगता. मी वावरातलं सांगतो. काही देऊ नका असं मी आयुष्यात एकाही शेतकऱ्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर निलंबित झालो असतो.”

सर चहा पिऊन गेले. साहेबांनी फाटक लावलं आणि अर्धा चमचा डीएपी खत टाकीत टाकलं. अर्धाच. त्यांच्या दृष्टीने तो उपवासाचा पदार्थ होता.

आठवड्याने पानं पिवळी पडली. पिवळं पान म्हणजे नत्राची कमतरता, हे त्यांनी प्रशिक्षणवर्गात शेकडो वेळा फळ्यावर लिहिलं होतं. त्यांनी युरियाचं पाणी दिलं. मग पानं तपकिरी झाली. तपकिरी पान म्हणजे पालाश. त्यांनी पालाश दिलं. पावसाने चार दिवस दडी मारली तेव्हा बोअरची एक बादली ओतली. शेवटी रासायनिकावर भरवसा ठेवून चालत नाही म्हणून शेजारच्या गोठ्यातून शेण-गोमूत्र आणून, गूळ-बेसन घालून, दोन दिवस आंबवून जीवामृत केलं. त्या दोन दिवसांत टपालवाल्याने पत्रं फाटकावरूनच फेकली.

“सीतामायची आसवं म्हनता,” वच्छलाबाई पदर नाकाशी धरून म्हणाल्या, “अन् गोमूत्र पाजून राहिले. रावनानंबी येवढं केलं नाई तिले.”

“तुला काय समजते यातलं? पाह्य कसं हिरवं व्हायला लागलं.”

हिरवं होत होतं, यात खोटं काही नव्हतं. टाकीचा पृष्ठभाग हिरवागार, मखमली झाला. साहेबांनी फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘प्रकृती उत्तम’. तेवीस जणांनी हात जोडले. तायडे सरांनी बऱ्याच वेळाने एक ओळ लिहिली : ‘ते शेवाळ आहे.’

साहेबांनी ग्रुप दोन दिवस उघडला नाही.

याच सुमारास वच्छलाबाईंना डबा सापडला. पोळ्याच्या करंज्या भरायला डबा हवा होता आणि डब्यात महिनाभराचा चिखल होता. त्या तणतणत मागच्या अंगणात गेल्या. तिथे भिंतीतून एसीची नळी बाहेर आली होती आणि तिच्याखाली एक बूड फुटलेलं घमेलं ठेवलेलं होतं, गवंड्यांनी टाकून दिलेलं, अर्धंअधिक रेतीने भरलेलं. नळीचं पाणी अंगावर उडू नये एवढंच त्याचं काम. वच्छलाबाईंनी डबा त्यात पालथा केला, बुडावर दोन थापा मारल्या आणि डबा तीन वेळा राखेने घासला. सगळ्या प्रकरणात त्यांनी केलेलं काम एवढंच. त्याला अर्धं मिनिट लागलं. घासायचा वेळ वेगळा.

श्रावण फार गदगदीचा, उकाड्याचा गेला. वच्छलाबाई दुपारी जेवण झालं की एसी लावून पडत. साहेबही पडत. भिंतीपलीकडे नळी टपटपत राही.

पोळा झाला, तान्हा पोळा झाला. टाकीत शेवाळाच्या मधोमध एक कोंब वर आला. जाड, लवदार, तेजस्वी. साहेब रोज सकाळी त्याच्यापुढे उभे राहत. शेवटी तायडे सरांना बोलवावं लागलं.

“हे आपलं पोसलेलं रूप,” साहेब म्हणाले. “ताकद मिळाली की झाडाचा चेहरा बदलतो.”

सरांनी एक पान चुरगळून हुंगलं आणि साहेबांच्या नाकापुढे धरलं.

“काय वास येते?”

साहेबांनी मान मागे घेतली.

“भेदरं आहे ते,” वच्छलाबाई दारातून म्हणाल्या. “टमाट्याचं रोप. तुमच्या त्या शेनातून आलं असंन.”

त्या संध्याकाळी साहेबांनी राजीनामा लिहायला घेतला. आयुष्यात त्यांनी लिहिलेला हा पहिलाच राजीनामा होता, तरी भाषा हाताला सवयीची होती. ‘सदर वनस्पती कोणत्याही शिफारशीस प्रतिसाद देत नसल्याने ती लागवडीयोग्य नाही, असा अभिप्राय आहे.’ दोष वनस्पतीचा, हे चार ओळींत सिद्ध झालं. पाचव्या ओळीत ‘सबब मी अध्यक्षपद’ असं लिहून ते थांबले. तिथून पुढे पेन चालेना. उद्या सकाळी फिरायला निघाल्यावर कढीपत्त्याचं काय झालं ते कुणी विचारणार नाही, हे त्यांना कागदावर दिसलं.

महालक्ष्म्या बसल्या, जेवल्या, उठल्या. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी वच्छलाबाई धुणं वाळत घालायला मागे गेल्या आणि तिथूनच हाक आली.

“अवो, इकडे या. त्या घमेल्यात काय फुललं पाहा. डास व्हतीन म्हनून फेकून देत होती मी.”

साहेब गेले. बूड फुटलेल्या घमेल्यात, रेतीवर, नळीच्या थेंबाथेंबाखाली निळी-जांभळी आसवं उभी होती. दाट. एसी चालू होता, म्हणून थेंब पडत होता, आणि प्रत्येक थेंबासरशी सगळी फुलं मिळून मान हलवत होती. नाही, नाही, अशी.

साहेब उकिडवे बसले. मग उठून त्यांनी तायडे सरांना फोन लावला. सर चप्पल न घालता आले.

“एसीचं पाणी म्हणजे हवेतली वाफ,” सर गुडघ्यावर बसून म्हणाले. “क्षार नाही, खत नाही, काहीच नाही. बूड फुटकं म्हणून तुंबलंही नाही. खाली गवंड्यांची रेती, धुऊन धुऊन पार निकस झालेली. भाऊसाहेब, ही तर कातळाची नक्कल केली तुम्ही.”

“हं,” साहेब म्हणाले. या ‘हं’मध्ये त्यांनी काहीच कबूल केलं नाही आणि काहीच नाकारलं नाही. ही कला खात्यात पंधरा वर्षांनी येते.

रविवारी घमेलं सभागृहात मधल्या टेबलावर ठेवलं गेलं. सगळी कॉलनी भोवती. किशोरने कोरं कार्ड पुढे केलं आणि कार्यवृत्ताची वही उघडून तयार राहिला. साहेबांनी पेन काढलं. पहिला रकाना, लावणाऱ्याचं नाव. पेनाचं टोक कागदाला लागलं, ‘चं’ असं उमटलंही. तायडे सर समोर उभे होते. वच्छलाबाई बायकांत उभ्या होत्या आणि त्यांचं लक्ष घमेल्याकडे नव्हतंच, चहाच्या थर्मासकडे होतं.

आता माणूस कसाही असला तरी त्याला एखादी जागा अशी असते जिथे त्याला खोटं लिहिता येत नाही. गावंडे साहेबांची ती जागा म्हणजे खताचा रकाना. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे खताचे खोटे रकाने पकडून वेतनवाढी रोखल्या होत्या. त्यांनी नावाचा रकाना तसाच सोडला आणि आधी दुसरा भरला. खत : निरंक. ‘काहीच नाही’साठीचा हा सरकारी शब्द या रकान्यात त्यांच्या हातून प्रथमच पडत होता. निगा : निरंक. पाणी : एसी, दीड टन. मग वर जाऊन ‘चं’ खोडला आणि लिहिलं : सौ. वच्छला चंद्रभान गावंडे.

“साहेब,” किशोर हळूच म्हणाला, “म्हणजे अध्यक्ष...”

“लिहा ना बाप्पा.”

“मी नाई होत अध्यक्ष-फिध्यक्ष,” वच्छलाबाई तिथूनच म्हणाल्या. “मी डबा घासला फक्त.”

पण पहिला नंबर लागला, टाळ्या पडल्या आणि त्यांना व्हावंच लागलं. साहेबांनी त्यांच्या हाती नारळ दिला. त्यांनी तो पिशवीत टाकला आणि मांडवाच्या खुर्च्या मोजायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब फिरायला निघाले. कोपऱ्यावर चार माणसं उभी होती. साहेबांची चाल जरा मंदावली.

“साहेब, ते निरंक कसं काय जमवलं?” एकाने विचारलं.

साहेब थांबले. छाती आपसूक भरली. “सोपं नाही ते,” ते म्हणाले. “खत देणं कुणालाही येते. न देण्याला अनुभव लागते.” पंधरा दिवसांत त्यांनी सभागृहात ‘निरंक पद्धत’ या विषयावर भाषण दिलं. अध्यक्षस्थानी वच्छलाबाई होत्या. त्यांनी समारोपात चहा घेऊनच जा म्हणून सांगितलं. कॉलनीत एसी असलेल्या प्रत्येक घरी नळीखाली घमेली लागली. लोक नवी घमेली आणून त्यांची बुडं फोडू लागले. जास्वंदीचं खत बंद झालं. गुलाबांचंही. साहेब सकाळी फिरायला निघाले की घरोघर थांबून झाडांचा उपवास तपासत. पूर्वीपेक्षा फेरीला अर्धा तास जास्त लागे.

दसरा उलटला आणि एक दिवस घमेल्यातली सगळी आसवं वाळून काड्या झाली. साहेबांनी तायडे सरांना बोलावलं. एसी बंद झाला म्हणून, की वच्छलाबाईंनी धुण्याचं पाणी टाकलं म्हणून, की पद्धतीत काही चुकलं?

सरांनी काडी हातात घेऊन पाहिली.

“काही चुकलं नाही, भाऊसाहेब. ही एकाच हंगामाची वनस्पती आहे. काहीही केलं तरी दसऱ्यानंतर वाळतेच.”

कूलरच्या टाकीतल्या झाडाला त्या दिवशी सव्वा किलो टमाटे निघाले.